चार खाचांचं फूल

मगदूम अण्णा पहिल्यांदा आले ते रुमालात काहीतरी बांधून,
भाकरी बांधावी तसं.
उद्यमनगरात, माझ्या लेथपाशी, गाठ सोडली:
चार खाचांचं एक पोलादी फूल,
एक पाकळी तुटलेली.
"तंबू टॉकीजच्या मशीनचा क्रॉस हाय, मिस्त्री.
कंपनी बुडाली, तंबू फाटला.
एवढं करून द्या."

मी ट्रॅक्टरचे बुश करणारा माणूस.
म्हटलं, दोन दिवसांत देतो.
चार महिने लागले.

पहिला बसवला तर चित्र थरथरलं, तापातल्या माणसागत.
दुसऱ्यानं मशीनचे दात वाजवले.
तिसऱ्याला पाणी जास्त दिलं, तडकला.
चौथ्याच्या वेळी रात्री दीडला कानशीनं
केसाचा दहावा हिस्सा घासत होतो,
बायकोनं विचारलं, पैसे किती ठरलेत?
ठरलेच नव्हते.

पायगोंडा मगदूम. दूध संघात तीस वर्षं फॅट मोजली.
आता घराखाली, मोटारीच्या जागेत, हे धूड:
पट्टा शिलाई मशीनचा,
हजाराचा दिवा नाटकवाल्यांकडून आणलेला,
गेटवरची धूळ झटकायला दाढीचा ब्रश,
आणि तेल कुठलं घालतात
ते मलाही सांगत नाहीत.
सून म्हणते, मामंजी, हे सगळं फोनवर दिसतंय की.
अण्णा म्हणतात, दिसतंय. पण चालतंय कुठं?

मला झाकण काढून दाखवलं त्यांनी.
पट्टी वाहत नाही, थांबते.
सेकंदाला चोवीस वेळा उभी राहते,
पुढं सरकते ती अंधारात, कुणी बघत नसताना.
माझं फूल तेवढंच करतं:
ओढतं, उभं करतं.
ओढतं, उभं करतं.
चांगलं झालं असेल तर
ते आहे हेच कुणाला कळत नाही.
म्हणून सगळे पडद्यावर माणसं बघतात तेव्हा
मी वरची कड बघतो. हलते का.

सोमवारी कारखाने बंद.
भट्टीवरचा दौलू मोल्डर येतो, अजून राख कानात.
अनीस फोनवर शूटिंग करायला आला होता,
आता रीळ गुंडाळायला बसतो.
समोरच्या गाड्यावरून हौसाबाई चहा आणतात
आणि किटली घेऊन उभ्याच राहतात.

रीळ एकच धड आहे. बांगडीवाल्याच्या भट्टीत जाणार होतं,
अण्णांनी किलोवर घेतलं.
शाहूपुरीतला गुळाचा बाजार. आवाज नाही,
सुरुवात नाही, शेवटही नाही.
ढेपा, तागडी, फेटे, एक पोरगं कॅमेऱ्याकडं बघून पळतं,
आणि डावीकडून एक गाडी येते.

"थांबवा! त्यो आमचा पाखऱ्या!"
गाडीवान कोण, ते त्यांनी बघितलंच नाही.
डाव्या शिंगाचं टोक मोडलेला बैल,
नऊ सेकंदांचा.
अण्णा म्हणाले, थांबवलं तर जळतंय, बाई.
हातानं मागं फिरवलं, पुन्हा लावलं.
त्या रात्री चहा गार झाला.

दर खेपेला पट्टीवर एक ओरखडा वाढतो.
अण्णा वहीत आकडा लिहितात. एकसष्ट.
मीच म्हटलं, आता हे ठेवून देऊ,
डब्यात, कापूर घालून.
हौसाबाई हसल्या.
"बैल काय कपाटात ठिवायचा आसतोय व्हय?"

अण्णांनी वही मिटली.
मी पाचवा क्रॉस करायला घेतलाय.
कुणी सांगितलेलं नाही.

गेल्या सोमवारी पट्टी तुटली,
नेमकी गाडी आत येताना.
दोन चौकटी कापाव्या लागल्या.
अण्णांनी चिकटवलं, श्वास धरून, दाबून,
आणि तो आंबूस वास खोलीभर.
दौलूला काही कळलं नाही, अनीसला नाही,
मी कडेवरच नजर लावून होतो, ती हलली नाही.
अंधारातून किटली ठेवल्याचा आवाज आला.
"आज लंगडतोय," हौसाबाई म्हणाल्या.